एका वर्षाच्या अटीवरचा प्रवेश

1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत (पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी) यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, म्हणजे त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’कडे, संशोधनासाठी अर्ज केला. गुणांची अडचण नव्हती. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत त्यांचे नाव वर होते. अर्ज नाकारला गेला तो त्या स्त्री असल्यामुळे. नाकारणारे होते संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, 1930 मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि 1933 मध्येच ते या संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून रुजू झाले होते. देशातील विज्ञानजगतात त्यांच्या शब्दावर दाद मागावी अशी दुसरी जागा जवळजवळ नव्हती.

या प्रसंगाचा पुढचा भाग अनेकांना ठाऊक आहे. 18 जून 2023 रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा तो पुन्हा एकदा हजारो भ्रमणध्वनींवर फिरला: नकार मिळाला, मुलीने सत्याग्रह केला, रामन नमले. अशा तीन ओळींच्या कथेत धैर्य दिसते. पण आत्मविश्वास घडतो कसा, हे दिसत नाही, कारण घडण्याचा सगळा भाग दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधल्या फटीत राहिलेला आहे. रामन लगेच नमले नाहीत. त्यांनी एका वर्षासाठी, अटींवर प्रवेश दिला. करिअरच्या दारात उभ्या असलेल्या कोणालाही आज अभ्यासण्यासारखे जे आहे, ते त्या अटींमध्ये, त्या वर्षामध्ये आणि नंतरच्या काही निर्णयांमध्ये आहे, असे माझे मत आहे. म्हणून या प्रकरण अभ्यासात सत्याग्रहापेक्षा त्यानंतरच्या घडामोडींना अधिक जागा दिली आहे.

आधी घराचा विचार करावा लागतो, कारण त्याशिवाय बावीस वर्षांच्या मुलीच्या वागण्याचा अर्थ लागत नाही. कमलाबाईंचा जन्म 1911 मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि विशेष म्हणजे दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले होते. त्यामुळे संशोधन ही गोष्ट त्यांच्यासाठी पुस्तकातली किंवा परक्यांची नव्हती. ती घरातल्या दोन माणसांच्या ओळखीची होती. थोरली बहीण दुर्गा भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून मराठी वाचकांना त्यांची ओळख करून द्यायला नको, आणि 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीला कसा उघड विरोध केला, हेही सांगायला नको. सत्तेसमोर मान ताठ ठेवण्याची सवय या दोन्ही बहिणींमध्ये दिसते, तेव्हा तिचा उगम कोठेतरी घराच्या उंबऱ्याच्या आत असणार.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची जी मांडणी केली, तिच्यात या विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत: स्वतः एखादे काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासू माणसाने दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत बळकट, असे त्यांचे म्हणणे आहे. 1933 च्या उन्हाळ्यात कमलाबाईंकडे दुसरा आणि तिसरा स्रोत भरपूर होता. पहिला मात्र परीक्षेतील यशापुरताच होता. प्रयोगशाळेत स्वतःच्या जबाबदारीवर केलेले संशोधन अजून त्यांच्या खात्यात जमा झालेले नव्हते, आणि ते जमा करण्याची जागाच बंद होती. पहिली नोकरी शोधणाऱ्याला ‘अनुभव आणा’ असे सांगितले जाते आणि अनुभव मिळण्याची एकमेव जागा तीच नोकरी असते, त्या कोंडीचेच हे रूप होय.

नकार आल्यावर वडील आणि काका यांनी रामन यांच्याकडे शब्द टाकून पाहिला. दोघे संस्थेचे माजी विद्यार्थी. तरीही उपयोग झाला नाही. ही बारीकशी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घरच्या वडीलधाऱ्यांची रदबदली यशस्वी झाली असती, तर कमला भागवत बंगळूरला ‘भागवतांची मुलगी’ म्हणून गेल्या असत्या. ती वाट बंद झाली म्हणून त्या स्वतः बंगळूरला गेल्या, आपल्या अर्जाच्या नामंजुरीचा जाब विचारला आणि प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कचेरीसमोर सत्याग्रह करण्याचा पवित्रा घेतला. दांडीयात्रेला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोहोचला होता, आणि त्याची रीतही: समोरच्याला शिवीगाळ करायची नाही, त्याच्यापुढे गयावया करायची नाही, जागा सोडायची नाही. एका तरुण मुलीच्या हाती इंग्रज सरकारविरुद्धच्या लढ्यातील हत्यार होते आणि समोर होता भारतीय विज्ञानाचा सर्वांत मोठा मानबिंदू. असे हत्यार आपल्यावरच चालेल, याची रामन यांनी बहुधा कल्पना केली नसावी.

या टप्प्यावर त्यांची मागणी नेमकी काय होती, ते पाहण्यासारखे आहे. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ अशी ती नव्हती. प्रवेश द्यावा, काम करू द्यावे आणि मग कामावरून ठरवावे, एवढेच त्यांचे मागणे होते. विश्वास मागणारा माणूस समोरच्याच्या मनावर अवलंबून राहतो. चाचणी मागणारा माणूस ते अवलंबून राहणे बरेच कमी करतो, कारण प्रयोगाच्या नोंदवहीत काय उमटते ते संचालकांच्या मतावर ठरत नाही. ज्याला आपल्याविषयी शंका आहे, त्याची शंका वादाने फिटत नाही हे त्यांनी ओळखले असावे.

रामन यांनी प्रवेश दिला तो अशा अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नाहीत. कामाच्या दर्जाविषयी संचालकांचे समाधान झाल्यावरच त्या कामाला मान्यता मिळेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, गरज पडल्यास रात्री उशिरापर्यंत, काम करावे लागेल. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये.

कोणतीही सशर्त संधी स्वीकारताना तपासण्यासारखे मुद्दे या अटींतूनच सापडतात. मुदत स्पष्ट होती: एक वर्ष. परीक्षक कोण, हेही स्पष्ट होते. रात्री उशिरापर्यंत काम ही अट कष्टाची असली तरी संशोधकाला परकी नव्हती, आणि पुरुष विद्यार्थीही तसे काम करीतच होते. निकष मात्र धूसर होता, कारण ‘समाधान होणे’ याचे माप कोणी लिहून दिलेले नव्हते. आणि शेवटची अट तर कामाशी संबंधितच नव्हती. दुसऱ्यांचे लक्ष विचलित झाले तर त्याची जबाबदारी त्या दुसऱ्यांवर न ठेवता कमलाबाईंवर ठेवलेली होती. जे त्यांच्या हातात नव्हते, त्याचा जामीन त्यांच्याकडून घेतलेला होता. आजही एखाद्या कार्यालयात ‘तुमच्यामुळे टीमचे वातावरण बिघडते’ असा शेरा एखाद्या स्त्रीच्या किंवा वेगळ्या पार्श्वभूमीतून आलेल्या कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात उमटतो, तेव्हा तो याच अटीचा वंशज असतो.

त्यांनी अटी मान्य केल्या. मान्य करणे योग्य होते का, यावर मतभेद होऊ शकतो. अन्यायकारक अट स्वीकारली की ती पुढच्या माणसालाही लावली जाते, हा आक्षेप खरा आहे. तरीही त्यांच्या जागेवरून पाहिले तर दुसरा पर्याय अटी फेटाळून मुंबईला परत जाण्याचा होता, आणि तसे झाले असते तर ‘मुली टिकत नाहीत’ या समजुतीला आणखी एक पुरावा मिळाला असता. त्यांनी अपमान आणि संधी यांची गल्लत होऊ दिली नाही. अपमान अपमान म्हणूनच लक्षात ठेवला आणि संधी संधी म्हणून वापरली. हे दोन्ही एकाच मनात वर्षानुवर्षे वेगवेगळे सांभाळणे सोपे नसते.

मार्गदर्शक म्हणून श्रीनिवासय्या लाभले. ते कडक होते आणि विद्यार्थ्याकडून पूर्ण झोकून देण्याची अपेक्षा करीत. कमलाबाईंविषयीच्या लेखनातून त्यांच्या दिनक्रमाचे जे वर्णन येते, त्यानुसार पहाटे पाचला सुरू होणारा दिवस रात्री दहापर्यंत चाले. मात्र दुपारी चार ते सहा हा वेळ टेनिसचा असे, आणि तो त्यांनी सोडला नाही. पंधरा तासांच्या कामाचे कौतुक आपल्याकडे नेहमीच होते. मला त्यापेक्षा या दोन तासांचे अधिक वाटते. आपण स्वतःला सिद्ध करण्याच्या परीक्षेत आहोत, आपल्याकडे पाहणारे डोळे चूक शोधत आहेत, ही जाणीव माणसाला चोवीस तास राबवते आणि शेवटी त्याचे कामच बिघडवते. परीक्षेच्या वर्षात, ज्या संस्थेला आपले तेथे असणेच खटकते तिच्याच मैदानावर रोज खेळायला जाणे, यात शरीराची काळजी होती आणि ‘मी येथली आहे’ असे न बोलता केलेले विधानही होते.

श्रीनिवासय्यांनी त्यांना जीवरसायनशास्त्रातील मूलभूत ग्रंथ आणि शोधनिबंध वाचायला लावले, नामवंत संशोधकांच्या कामाची ओळख करून दिली. धीर देण्याचे दोन प्रकार असतात. ‘तू करशील, मला खात्री आहे’ असे सांगणारे बरेच भेटतात. पुढचे अवघड काम नेमून देणारा क्वचित भेटतो. दुसऱ्या प्रकारात शिक्षकाने विश्वास शब्दांत सांगण्याची गरज राहत नाही, कारण तो नेमून दिलेल्या कामाच्या काठिण्यातून कळतो. कमलाबाईंचे काम दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांमधील प्रथिनांवर होते. विषयाची निवडही विचारात घेण्याजोगी आहे: ज्या देशात बहुसंख्य लोकांचे प्रथिन वरणाच्या वाटीतून येते, तेथे डाळीतील प्रथिनांचा अभ्यास हा कोपऱ्यातला विषय नव्हे.

वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते आणि कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. 1936 मध्ये त्यांनी प्रावीण्यासह एम.एस्सी. पूर्ण केली. त्यांच्यानंतर संस्थेचे दार स्त्रियांसाठी उघडले. रामन यांच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की पुरावा समोर आल्यावर त्यांनी धोरण बदलले. अनेक मोठी माणसे पुरावा समोर येऊनही बदलत नाहीत. पण दार उघडणे आणि घर समान होणे यांत अंतर असते. 1940 मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या अ‍ॅना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम करून प्रबंध पूर्ण केला, तरी एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. एका व्यक्तीने स्वतःला सिद्ध केले की पुढच्यांचे सगळे प्रश्न सुटतात, असा निष्कर्ष या प्रकरणातून काढता येत नाही.

आत्मविश्वासाचा खरा बदल मला पुढच्या टप्प्यात दिसतो. बंगळूरला जाताना कमलाबाईंना प्रवेशासाठी भांडावे लागले. केंब्रिजला त्या शिष्यवृत्ती मिळवून गेल्या आणि तेथे त्यांनी कामाचे विषय एकामागोमाग एक हाताळले. जीवरसायनशास्त्राच्या विभागाचे प्रमुख तेव्हा जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी 1929 मध्ये नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. आरंभी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांच्या ऊतींमधील विकरांवर (एन्झाइमांवर) काम केले आणि ते 1938 मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्धही झाले. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींकडे वळल्या. प्राण्यांच्या पेशींमधील श्वसनात ‘सायटोक्रोम’ या रंगद्रव्य-प्रथिनांचे काम काय असते, ते डेव्हिड केलिन यांनी 1925 पासून केंब्रिजमध्येच दाखवून दिले होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या ऊतीतही सायटोक्रोम-सी आढळले, आणि वनस्पतींच्या पेशींतील श्वसनाच्या प्रक्रियेत ते सहभागी असते हे त्यांच्या कामातून पुढे आले. हिल यांच्यासह लिहिलेली त्यांची टिपणी 1939 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आली. पीएच.डी.चा प्रबंध सुमारे चौदा महिन्यांच्या कामातून तयार झाला आणि तो अवघ्या चाळीस पानांचा होता.

चाळीस पाने ही संख्या मला फार बोलकी वाटते. ज्याला आपण पुरेसे आहोत की नाही याची धास्ती असते, तो प्रबंधाची जाडी वाढवतो. संदर्भांवर संदर्भ रचतो, प्रत्येक विधानाला तीन टेकू देतो. आपल्या विद्यापीठांमधील प्रबंधांच्या जाडजूड बांधणीत ज्ञानाइतकीच भीतीही भरलेली असते, असे म्हटले तर कोणी रागावू नये. सहा वर्षांपूर्वी ‘दर्जाविषयी समाधान झाले तर’ या अटीवर आत आलेली संशोधक आता जेवढे सापडले तेवढेच लिहून थांबू शकत होती. हा फरक कोणत्याही प्रेरणादायी भाषणातून आलेला नव्हता. बंगळूरची तीन वर्षे, डाळींच्या प्रथिनांवरचे काम आणि स्वतःच्या हाताने मिळवलेले निकाल यांतून तो आला होता. बांडुरांच्या यादीतील पहिला स्रोत आता खात्यात जमा झाला होता.

विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. 1931 मध्ये मिळालेली होती, हे लक्षात घेतले तर ‘पहिली’ हा शब्द सांभाळूनच वापरावा लागतो. शिवाय ज्या केंब्रिजने 1939 मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली, त्या केंब्रिजनेही स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व आणि पुरुषांच्या बरोबरीची पदवी 1948 मध्येच दिली; तोपर्यंत स्त्रियांच्या पदव्या नावापुरत्या होत्या. बंगळूरचा पूर्वग्रह तोंडावर बोलून दाखवला गेला होता, केंब्रिजचा नियमावलीत नीट बसवलेला होता.

1939 मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, थोड्याच काळात कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि तेथे जीवनसत्त्वांवर काम केले. 1947 मध्ये त्यांनी ते पद सोडले. विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह करून त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. करिअरच्या चढत्या आलेखाच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हा निर्णय माघारीचा वाटेल: संशोधन प्रयोगशाळेतील वरिष्ठ पद सोडून लग्न, गृहस्थी आणि अध्यापन. मला तसे वाटत नाही. व्यक्तिगत आणि व्यावसायिक उद्दिष्टांची सांगड घालताना प्रत्येक वेळी वरची पायरीच निवडली पाहिजे, असे नाही. आपल्याला कोणते प्रश्न सोडवायचे आहेत आणि ते कोठे बसून सोडवता येतील, हे पाहावे लागते. त्यांचे प्रश्न अन्नाचे होते, आणि अन्न मुंबईतही होते.

मुंबईतील कामाचा वाटा मराठी घरांच्या अगदी जवळचा आहे. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी कडधान्यांमधील ‘ट्रिप्सिन’ या पाचक विकराला अडवणाऱ्या घटकांचा अभ्यास केला. कोकणात आणि मुंबईत आवडीने खाल्ले जाणारे वाल त्यांत होते. वालातून असा अवरोधक घटक स्फटिकरूपात वेगळा काढण्याचे काम त्यांच्या प्रयोगशाळेत झाले आणि 1955 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. कच्च्या कडधान्यातील हे घटक उष्णतेने बऱ्याच अंशी निकामी होतात. डाळिंब्यांची उसळ नीट शिजू देणाऱ्या आजीला जे अनुभवाने ठाऊक होते, त्याची रासायनिक बाजू त्यांनी उलगडली. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जासंबंधी त्यांनी मार्गदर्शन केले.

दुसरा विषय नीरेचा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी तो हाती घेतला. माडाच्या जातीच्या झाडांपासून मिळणारा हा गोड रस सूर्य वर आला की आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. दारूबंदीच्या काळात त्याला ताडीपासून वेगळे ओळखणे हा आरोग्याइतकाच प्रशासनाचाही प्रश्न होता. जीवनसत्त्वे आणि लोह यांच्या दृष्टीने नीरेचे मोल काय आहे, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनी दाखवले. कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात तिचा उपयोग होऊ शकतो, असा या कामाचा रोख होता. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. पुण्या-मुंबईच्या नीरा केंद्रावर सकाळी पेला तोंडाला लावणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता या प्रकरणाचा अप्रिय भाग. केंब्रिजची डॉक्टरेट, ‘नेचर’मधील लेखन, राष्ट्रपतींचे पारितोषिक आणि विद्यार्थ्यांची पिढी, एवढे सगळे असताना त्यांच्याच संस्थेतील संचालकपद त्यांना मिळायला हवे होते त्यापेक्षा सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले, आणि त्यामागे अंतर्गत राजकारण होते, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. 1933 मध्ये पुरावा नाही म्हणून दार बंद होते. आता पुराव्यांचा ढीग असतानाही दार अडखळले. आत्मविश्वासाच्या नावाने जे साहित्य आज विकले जाते, त्याला ही चार वर्षे पेलत नाहीत. त्याचे गृहीत असे असते की तुम्ही स्वतःवर पुरेसा विश्वास ठेवला की जग वाट देते. येथे विश्वास पुरेसा होता, काम पुरेसे होते, तरीही वाट अडली. त्या थांबल्या, प्रयोगशाळा सुरू ठेवली आणि अखेर संचालक झाल्या, पण ती चार वर्षे कोणी परत केली नाहीत.

आणखी एक मर्यादा सांगितल्याशिवाय हे टिपण प्रामाणिक होणार नाही. शिकलेले, शहरी, आर्थिकदृष्ट्या स्थिर घर; त्याच संस्थेत शिकलेले वडील आणि काका; बंगळूरला जाऊन हट्ट धरून बसण्याइतका वेळ आणि पैसा, हे सगळे त्यांच्याकडे होते. 1933 च्या महाराष्ट्रात हे भांडवल फार थोड्या मुलींकडे होते, आणि दलित किंवा बहुजन घरातील मुलीला तर संचालकांच्या कचेरीपर्यंत पोहोचण्याआधीच कितीतरी दारे आडवी होती. आजही तालुक्याच्या गावाहून पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आलेल्या मुलीजवळ दुसऱ्या प्रयत्नानंतर घरी सांगण्यासाठी किती वर्षांची मुभा असते, यावर तिचा आत्मविश्वास बराच अवलंबून असतो. तिच्या मनोबळाची मोजणी करताना खोलीभाड्याचा हिशेबही मांडावा लागतो. म्हणून या प्रकरणातून उचलायचे ते कमलाबाईंचे साहस जसेच्या तसे नव्हे. अट मान्य करताना मुदत आणि परीक्षक कोण ते पाहणे, आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचा जामीन मागितला जात असेल तर तो ओळखणे, वरचेवर कौतुक करणाऱ्यापेक्षा अवघड काम देणाऱ्या शिक्षकाजवळ राहणे, आणि परीक्षेच्या वर्षातही आपले दोन तास राखणे, हे कमी भांडवलातही करता येण्याजोगे आहे.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक चळवळीतील कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या कामात त्या होत्या, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या, आणि ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत होत्या. 1998 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांच्या सत्कारासाठी दिल्लीत समारंभ आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्या वर्षी, 1997 मध्ये, भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या संघटनेने केलेल्या सत्काराला उत्तर देताना त्या बंगळूरच्या त्या दिवसाविषयी बोलल्या होत्या. प्रवेश मिळून चौसष्ट वर्षे झाली होती आणि रामन यांचे निधन होऊन सत्तावीस वर्षे उलटली होती. रामन थोर शास्त्रज्ञ होते, हे त्यांनी त्या भाषणातही मान्य केले. त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले की केवळ स्त्री म्हणून आपल्याला मिळालेली ती वागणूक हा मोठा अपमान होता, आणि तो आपण विसरू शकलेलो नाही.